योगवर्गाच्या ग्रुपवर ‘ही लस म्हणजे वंध्यत्वाचा कट’: लेकीच्या लसीचं काय करू?

मेधा_नाशिक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्याकडे सकाळी सहाचा योगवर्ग असतो, कॉलनीच्या हॉलमध्ये. सर बँकेतून निवृत्त झालेले. एक पैसा फी घेत नाहीत, गुरुपौर्णिमेला श्रीफळसुद्धा परत करतात. माझी मान दोन वर्षं दुखत होती, पट्टा लावून फिरायचे. सरांकडे जायला लागल्यापासून पट्टा माळ्यावर गेला. सासूबाईंचे गुडघे त्यांच्यामुळेच चालतात, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. सांगायचा मुद्दा, माणूस खरंच चांगला आहे.

अडचण ग्रुपची आहे. आधी तिथे फक्त ‘उद्या चटई आणा’, ‘आज पद्मासनात कुणाचा पाय वळला’ असलं काही यायचं. २०२० पासून सूर बदलला. कापूर-लवंग-ओव्याची पुरचुंडी हुंगा, ऑक्सिजन वाढतो. मग फाइव्ह-जीचे टॉवर. मग आयोडीनवालं मीठ म्हणजे परदेशी कंपन्यांचं कारस्थान, सैंधव खा. मी ‘राम राम’चा फोटो टाकून गप्प बसायचे. कशाला वाद घाला?

आता विषय घरात आलाय. लेक आठवीत आहे. तिच्या डॉक्टरांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस, म्हणजे एचपीव्हीची, घ्यायला सांगितलं. मी भोळेपणाने ग्रुपवर विचारलं की कुणी मुलींना दिली आहे का. झालं! दुपारपर्यंत फॉरवर्डचा पाऊस. संध्याकाळी सरांचा लांबलचक व्हॉइस मेसेज. त्यातले मुद्दे असे:

– जपानने या लसीवर बंदी घातली आहे.
– आंध्र आणि गुजरातेत ही लस दिल्यावर मुली मेल्या, सरकारने दडपलं.
– बिल गेट्सने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय की लसींनी लोकसंख्या कमी करायची. मुली वांझ होतील.
– फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्थसंकल्पात या लसीचं नाव आलं आणि दुसऱ्याच दिवशी एक नटी या कॅन्सरने ‘मेली’, तिसऱ्या दिवशी जिवंत झाली. हा योगायोग?
– आणि शेवटी, ‘ज्या मुलीचं आचरण शुद्ध, जी रोज सूर्यनमस्कार घालते, तिला या लसीची गरजच काय?’

हे शेवटचं मला फार लागलं. पण सासूबाईंना तेच सगळ्यात पटलं. जाऊबाईंनी त्यांच्या मुलीची ठरलेली लस रद्द केली. अहोंचं म्हणणं, ‘वर्षभर थांबू, कशाला सरांना दुखवायचं.’

मला दोन गोष्टी हव्या आहेत. यातलं खरं किती, ते कुणी समजावून सांगेल का? आणि वर्ग न सोडता यातून मार्ग कसा काढू? ‘ग्रुप सोडा’ एवढंच सांगू नका, प्लीज.

खडूस_ठाणेकर

ग्रुप सोडा.

(बरं, सोडू नका. म्यूट करा, लस द्या, सांगू नका. व्हॉट्सॲपवरच्या माणसाशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? आमच्या सोसायटीत २०२० ला होमिओपॅथीच्या अर्सेनिक अल्बमच्या गोळ्या घरोघरी वाटल्या होत्या. मी घेतल्या आणि खिडकीतल्या कुंडीत टाकल्या. तुळस ठणठणीत आहे.)

सॅन_होजेचा_पक्या

मेधाताई, हा प्रकार फक्त नाशिकचा आहे असं वाटत असेल तर थोडा दिलासा देतो. किंवा अधिक घाबरवतो, कसं घ्याल तसं.

मी कॅलिफोर्नियात असतो, बायको इथल्या एका स्टुडिओत आसनं करायला जायची. मार्च २०२० मध्ये स्टुडिओ बंद झाले आणि शिक्षकांचं पोट एका रात्रीत इन्स्टाग्रामवर आलं. तिथे ‘आज भुजंगासन’ या पोस्टला चाळीस लाइक. ‘ते तुमच्यापासून काय लपवतायत’ याला चार हजार. माणूस कुठे वळेल, सांगायला नको. बघता बघता श्वासावर लक्ष ठेवायला शिकवणाऱ्या बाई, जगावर लहान मुलांना पळवणाऱ्या गुप्त टोळीचं राज्य आहे, हे मऊ आवाजात, मागे गुलाबी पडदा लावून सांगायला लागल्या. हे सगळं क्यूॲनॉन नावाच्या कट-कल्पनेचं. सप्टेंबर २०२० मध्ये शॉन कॉर्नसारख्या इथल्या नावाजलेल्या योगशिक्षिकांना जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं की हे आमचं नाही. पुढे ६ जानेवारी २०२१ ला अमेरिकेच्या संसदेत लोक घुसले, तेव्हा शिंगांची टोपी घालून उघडा फिरणारा जो ‘शामन’ सगळ्या जगाने पाहिला, त्याने तुरुंगात सेंद्रिय जेवणाचा हट्ट धरला होता. विनोद नाही, खरंच.

माझं निरीक्षण एवढंच. योगवर्गात आपण पहिल्या दिवसापासून दोन वाक्यं ऐकतो. ‘स्वतःच्या अनुभवावर विश्वास ठेवा’ आणि ‘सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे.’ चटईवर दोन्ही ठीक आहेत. चटई गुंडाळून बातम्या वाचायला बसलात आणि हीच वाक्यं लावलीत, तर प्रत्येक योगायोगात कुणाचा तरी हात दिसायला लागतो. त्या नटीचंच बघा. एका जाहिरातवाल्यांच्या टोळक्याला वाटलं की खोट्या मृत्यूने ‘जनजागृती’ होईल. मूर्खपणा होता, शिव्याही भरपूर पडल्या. पण मूर्खपणाला कट मानणं म्हणजे त्यांच्या अकलेचा फारच मान ठेवणं झालं.

अवांतर: २०२१ च्या मार्चमध्ये एका संस्थेने अहवाल काढला होता की फेसबुक-ट्विटरवरचा लसविरोधी मजकूर त्यांनी तपासला, त्यातला ६५ टक्क्यांपर्यंतचा वाटा जेमतेम बारा जणांकडून आलेला. फेसबुकने तो आकडा मान्य केला नाही, ते सोडा. पण त्या बारांमध्ये नैसर्गिक आरोग्याच्या पुड्या-बाटल्या विकणारे बरेच होते. तेच साहित्य मराठीत उतरून, वर ‘जय श्रीराम’ लावून तुमच्या सरांच्या फोनवर येतं. सरांना वाटतं आपण परकीयांशी लढतोय, आणि लढाईचा दारूगोळा आमच्या गावचा!

बार्शीची_सिस्टर

मेधा, तुला अगं-तुगं करते, माझ्या लेकीच्या वयाची असशील. मी तिकडे उस्मानाबाद-बार्शी पट्ट्यात आरोग्यसेविका होते, पुढे एलएचव्ही, म्हणजे आरोग्यसेविकांवरची पर्यवेक्षिका, म्हणून निवृत्त झाले. आता सोलापुरात समाजमंदिरात बायकांचा योगवर्ग घेते. म्हणजे तुझे सर ज्या चटईवर बसतात त्याच चटईवर मीपण बसते, आणि सुई टोचण्यात जन्म गेला. दोन्हीकडचं सांगते.

आधी आजार. कारण ग्रुपवर सगळे लसीबद्दल बोलतात, आजार कुणी पाहिलेला नसतो. आमच्याकडे बाई कधी ‘कॅन्सर’ म्हणून यायची नाही. ‘अंगावरून पांढरं जातंय, कंबर धरलीय’ म्हणायची, तेपण चौथ्या वेळी. एकीची आठवण अजून जात नाही. उपकेंद्राच्या व्हरांड्यात सगळ्यांपासून लांब, खाली स्वतःचं पोतं अंथरून बसली होती. वास येत होता म्हणून. घरात तिचं ताट वेगळं केलेलं. लुगड्याच्या चिंध्यांच्या घड्या पिशवीत भरून आणलेल्या, बदलायला लागतात म्हणून. पंधराव्या वर्षी लग्न झालेलं, नवऱ्याशिवाय पुरुष माहीत नाही, गावाबाहेर गेली ती माहेरी आणि तुळजापूरला. हिचं आचरण शुद्ध नव्हतं, असं तुझ्या सरांनी माझ्यासमोर येऊन म्हणावं! हा कॅन्सर करणारा एचपीव्ही विषाणू नवऱ्याकडून येतो, लग्नाच्या पहिल्या वर्षातसुद्धा येतो. बहुतेकींच्या अंगातून आपोआप जातोही. काहींच्यात मुक्काम करतो आणि दहा-वीस वर्षांनी गर्भपिशवीच्या तोंडाशी कॅन्सर करतो. म्हणून लस लग्नाच्या कितीतरी आधी, नऊ ते चौदाच्या वयात द्यायची. आपल्या देशात वर्षाला लाखाच्या वर बायकांना हा कॅन्सर होतो आणि सत्तर हजारांहून जास्त जणी जातात.

सूर्यनमस्काराचं म्हणशील तर रोज घाल, लेकीलाही घालायला लाव. पण विषाणूला सूर्यनमस्कार दिसत नाहीत.

आता बार्शीचं. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने आणि टाटाच्या लोकांनी या कॅन्सरच्या तपासणीच्या अभ्यासासाठी उस्मानाबाद जिल्ह्यातली ४९७ गावं घेतली होती, एक लाख तीस हजारांवर बायका. दहा रुपयांची गोळी विकायला कुणी आलं नव्हतं. गावोगाव बायकांना गोळा करायचं, पडदा लावून तपासायचं. ‘तिथं काय बघतात’ म्हणून सासवा काठी घेऊन उभ्या राहायच्या. २००९ मध्ये निकाल आला की एकदाच एचपीव्हीची तपासणी केली तरी या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे होतात. जगभरच्या डॉक्टरांनी तो वाचला. आमच्या गावांतल्या बायकांच्या जिवावर जगाला कळलेली गोष्ट आता नाशिकच्या ग्रुपवर ‘परदेशी कट’ म्हणून येते, तेव्हा माझं डोकं फिरतं.

जपान. बंदी कधीच नव्हती. २०१३ मध्ये काही मुलींना दुखणं, झटके अशा तक्रारी आल्या, टीव्हीवर गाजल्या, आणि सरकारने ‘घ्याच’ म्हणून घरी पत्र पाठवणं थांबवलं. लस मिळत होती, पण घेणाऱ्या सत्तर टक्क्यांवरून एक टक्क्याच्या खाली आल्या. मग नागोया शहरात हजारो मुलींना विचारून पाहिलं. घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघींत ती लक्षणं सारखीच. २०२२ च्या एप्रिलपासून जपान सरकार पुन्हा ‘घ्या’ म्हणतंय. तुझ्या ग्रुपवर २०१३ पोचलं, २०२२ पोचलं नाही. आणि इंग्लंडात बारा-तेराव्या वर्षी लस मिळालेल्या मुलींमध्ये हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी कमी झाला, हे २०२१ मध्ये छापून आलं. तेही पोचलं नसेल.

लोकसंख्या. गेट्सचं ते भाषण २०१० चं. तो म्हणाला ते आम्हाला उपकेंद्रावर त्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. बाईला नसबंदीच्या ऑपरेशनला तयार करायला गेलं की ती म्हणायची, ‘सिस्टर, दोन आहेत खरं, पण जगतील का?’ गोवर-धनुर्वाताची पोरं वाचायला लागली तशा बायका आपणहून यायला लागल्या. पोरं जगली की कमी पोरं होतात, एवढाच त्याचा अर्थ. आणि हिशोबच करायचा तर २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ होता. ही लस तेव्हा हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या मुलींना मिळाली असेल. पाळणा लांबवायला आपल्याला कुणा गेट्सची गरज पडलेली नाही. पोलिओच्या थेंबांच्या वेळी हेच ऐकलं, ‘पोरं वांझ होतील.’ थेंब घेतलेल्या त्या पोरांची पोरं आता शाळेत जातात.

सरांचं. मेधा, फी न घेणारा माणूस जास्त अवघड, हे ध्यानात ठेव. विकणारा असला की आपण सावध असतो. यांच्याबाबत ‘यांना काय मिळणार खोटं बोलून’ असं वाटतं आणि आपण चाळणी बाजूला ठेवतो. ते खोटं बोलतही नाहीत, त्यांना मनापासून वाटतंय. त्यांनी तुझी मान बरी केली, ती त्यांच्या विद्येने. विषाणू ही त्यांची विद्या नाही.

आणि योगाचाच अभिमान असेल तर त्यांना लोणावळ्याची आठवण दे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं, तेव्हा आश्रमासोबत प्रयोगशाळा काढली. क्ष-किरण यंत्राखाली माणसाला बसवून उड्डियान करायला लावलं, नौली करताना आतड्यात दाब किती उतरतो ते नळी घालून मोजलं. ‘योगमीमांसा’ नावाचं त्रैमासिक काढून सगळं छापलं. त्यातली मला आवडणारी गोष्ट अशी की प्राणायामाने शरीरात ऑक्सिजन भरभरून जातो, ही त्या काळातली लाडकी समजूत त्यांनी मोजून पाहिली, आणि ती टिकत नाही म्हणून स्वतःच लिहून टाकलं. प्राणायामाचा उपयोग आहे, पण तो ऑक्सिजनचा नाही, असं. योगावर जीव ओवाळणारा माणूस, पण आकड्यापुढे नमला. नव्वद वर्षांनी आपण कापराची पुरचुंडी हुंगत ऑक्सिजन वाढवायला निघालो! कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, पोटावर झोपल्याने ऑक्सिजन सुधारतो हे सरकारने सांगितलं, कारण ते अतिदक्षता विभागात मोजलेलं होतं. मी वर्गातल्या बायकांना फोनवर मकरासनासारखं पालथं झोपायला लावलं, आणि बोटाला यंत्र लावून आकडा वाचायला लावला. पुरचुंडीवाल्यांनाही तेच सांगितलं, हुंगण्याआधी वाचा, नंतर वाचा. कुणाचा वाढला नाही, आणि भांडण न करता विषय संपला.

तू ग्रुपवर काही लिहू नकोस. चारचौघांत सरांना माघार घ्यायला जागा राहत नाही. वर्ग सुटल्यावर एकटी गाठ. आणि सासूबाईंना डॉक्टरकडे बरोबर ने. मागे ठेवून गेलीस तर ते ‘लपून दिलं’ होतं आणि आयुष्यभर पुरतं.

शंकासूर

सिस्टरांचा प्रतिसाद आवडला, पण सगळे एका सुरात गाताहेत म्हणून उलटा सूर लावतो. इनो तयार ठेवा.

आंध्र-गुजरातचं कुणी बोललंच नाही. खम्मम आणि वडोदऱ्यात २००९ मध्ये एका परदेशी संस्थेने आयसीएमआरला, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेला, बरोबर घेऊन हजारो मुलींना ही लस दिली. बऱ्याच आदिवासी वसतिगृहातल्या. संमतीपत्रांवर आईबापांच्या ऐवजी वॉर्डनच्या सह्या. सात मुली दगावल्या, २०१० मध्ये कार्यक्रम थांबला, आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने अक्षरशः वाभाडे काढले. हे फॉरवर्ड नाही, संसदेचं कागदपत्र आहे.

व्हायॉक्स नावाची वेदनाशामक गोळी २००४ मध्ये बाजारातून काढावी लागली, हृदयविकाराच्या धोक्यामुळे. तोवर जगभर खपली होती. हळदीचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेने एका विद्यापीठाला दिलं होतं, जखमेवर हळद लावण्याचं, म्हणजे आपल्या आज्यांचं! २०२४ मध्ये कोविशिल्डच्या मूळ कंपनीने इंग्लंडच्या कोर्टात मान्य केलं की अतिशय दुर्मिळ प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. २०२१ मध्ये इथे हे विचारणाऱ्याला लोक वेडा म्हणत होते.

सरांचे निष्कर्ष चूक असतील. पण संशय हवेतून आलेला नाही. औषध कंपन्या काही वारकरी नाहीत. ‘विज्ञान सांगतं, गप्प बसा’ ही भाषा वापरलीत तर लोक सरांकडेच जाणार.

बार्शीची_सिस्टर

शंकासूर, इनो नको. तुमचं निम्मं मला मान्यच आहे.

खम्ममचं खरं आहे, आणि लाज वाटण्यासारखं आहे. वॉर्डनने सही करायची म्हणजे काय? पोर कुणाची? माझ्या हाताखालच्या मुलीने असं केलं असतं तर मी तिला दुसऱ्या दिवशी रजिस्टर घेऊन घरोघर पाठवलं असतं. पण पुढचंही सांगा ना. सात मृत्यूंची चौकशी झाली. एक साप चावून, एक पाण्यात बुडून, कुणी विष घेऊन, कुणी तापाने. लसीशी संबंध दिसला नाही. संमती घेतली नाही हा गुन्हा, लसीने मारलं हे नाही. दोन्ही एकाच पिशवीत घातले की वॉर्डन सुटतो आणि लस अडकते.

गंमत म्हणजे, त्या गोंधळात सरकारने देशातले या लसीचे सगळेच अभ्यास थांबवले. दुसरा एक वेगळा अभ्यास चालू होता, त्यात बार्शी आणि पुणेही होतं. तिथल्या जवळजवळ पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला आणि पुढचे राहिले. डॉक्टरांनी त्या मुलींचा दहा वर्षं माग ठेवला. एका डोसनेही विषाणूला तितकंच रोखलं, हे त्यातून कळलं, आणि २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना एक डोससुद्धा चालेल म्हणते. कंपनीला तीन डोस विकायचे असताना एकावर काम भागतं, हे दाखवणारा कट मी तरी दुसरा पाहिला नाही.

हळदीचं पेटंट माशेलकरांनी १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, ते कसं? जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा एक छापील शोधनिबंध समोर ठेवून. व्हॉइस मेसेज पाठवून नाही. आणि त्या गुठळ्यांचं कोर्टात आलं २०२४ ला, पण युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०२१ च्या एप्रिलमध्येच ‘अतिदुर्मिळ दुष्परिणाम’ म्हणून नोंदवलेलं होतं. आपल्याकडे ते नीट समजावून सांगितलं नाही, हा दोष आहेच.

तुम्ही सगळं सांगितलंत, पण आपल्या दारातलं विसरलात. बीड. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या, विशी-तिशीतल्या बायकांच्या. ‘काढ, नाहीतर कॅन्सर होईल’ अशी भीती घालून. पाळीला खाडा नको, मुकादमाचा दंड नको, म्हणून बायकाही तयार व्हायच्या. २०१९ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा ब्याऐंशी हजारांमध्ये तेरा हजारांवर बायकांची पिशवी गेलेली निघाली. बाईला वांझ करणारं कारस्थान बघायचं असेल तर ते हे. पैशासाठी, उघड्यावर, बिलं फाडून झालेलं. त्यात गाव होतं, दवाखाना होता, बायकांची नावं होती, पोटावर टाके होते. म्हणून मोजता आलं आणि नियम बदलले. मेधा, तुझ्या ग्रुपवर बीडचा एक तरी फॉरवर्ड आला का गं? नसणार. त्यात गेट्स नाही ना.

सरांना एकटी गाठशील तेव्हा मी म्हणते तसं विचार. ‘सर, या लसीने वांझ झालेली एक मुलगी सांगा. कुठल्या गावची, कुठल्या दवाखान्याचा कागद?’ आवाज चढवू नको. आणि त्यांनी खरंच कागद आणून दिला, तर मला पाठव. मी वाचेन.

खडूस_ठाणेकर

सिस्टर, दंडवत. माझा प्रतिसाद संपादित करता येत असेल तर ‘ग्रुप सोडा’ काढून ‘सिस्टरांना ग्रुपमध्ये घ्या’ असं वाचावे.

मेधा_नाशिक

सगळ्यांचे आभार. काल वर्गानंतर सरांशी बोलले. कागद अर्थातच नव्हता. पण चिडले नाहीत. म्हणाले, ‘मला ज्यांनी पाठवलं त्यांना विचारतो.’ ज्यांनी पाठवलं ते सरांचे मेहुणे निघाले, आणि मेहुण्यांना कुणी पाठवलं ते त्यांना आठवत नाही. कुवलयानंदांचं काढल्यावर मात्र सर अर्धा तास बोलत बसले, लोणावळ्याला तरुणपणी जाऊन आलेत म्हणे. लसीवर मत बदललं असं काही म्हणाले नाहीत. ग्रुपवर तो व्हॉइस मेसेज अजून तसाच आहे.

सासूबाई डॉक्टरकडे आल्या. तिथे त्यांनी ‘आमच्या वेळी ही लस का नव्हती’ एवढं एकच विचारलं. नंतर रिक्षात कळलं की त्यांच्या सख्ख्या मावशीला हेच झालं होतं, घरात ‘बाहेरची बाधा’ म्हणायचे. इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं.

पहिला डोस शनिवारी ठरलाय. जाऊबाई अजून ‘बघू’वर आहेत. एक शंका: दुसरा डोस सहा महिन्यांनी सांगितलाय, तो नेमका वार्षिक परीक्षेत येतोय. मागेपुढे केला तर चालतो का?

बार्शीची_सिस्टर

पुढे चालतो, परीक्षा होऊ दे. पाच महिन्यांच्या आत मात्र नको, नाहीतर तिसरा घ्यावा लागतो. कार्डावर तारीख लिहून घे आणि कार्डाचा फोटो काढून ठेव, शाळेच्या कप्प्यात हमखास हरवतं.

शनिवारी उपाशी नेऊ नको, पोळी-भाजी खाऊ घालून ने. टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसव. या वयाच्या मुली सुईला घाबरून चक्कर येऊन पडतात, आणि कुणी बघितलं की तोच पुढचा फॉरवर्ड होतो. दंड दोन दिवस दुखेल, तेवढे दिवस हातावर भार येणारी आसनं नकोत.

आणि तू तिशी ओलांडलेली आहेस, तुझी स्वतःची तपासणी केलीस का कधी? सासूबाईंच्या मावशीचं मनाला लागलंय ना, तर शनिवारीच त्या दवाखान्यात विचारून ये. जाऊबाईंनाही ने. लसीला ‘बघू’ म्हणणारी तपासणीला बऱ्याचदा तयार होते.